कयाकवरची वीज: आमिषाची टाकी आणि फिश फाइंडर

कयाकवरून गळ टाकणाऱ्याला दोन गोष्टींचा मोह लवकर होतो. पाण्याखाली काय आहे ते दाखवणारा फिश फाइंडर हवासा वाटतो, आणि आमिषाची कोळंबी किंवा बोय मासा जिवंत ठेवणारी टाकी हवीशी वाटते. दोन्हींना वीज लागते. बॅटरीच्या दुकानात गेल्यावर मात्र बहुतेक जण चौकशी करतात ती फिश फाइंडरची. खरं तर तो बेताने खाणारा गडी आहे. चार-पाच इंची पडद्याचं यंत्र १२ व्होल्टला साधारण ०.२ ते ०.५ ॲम्पिअर घेतं. टाकीत पाणी खेळवणारा छोटा बिल्ज पंप (मुळात होडीच्या तळातलं पाणी उपसायचा) दीड ते अडीच ॲम्पिअर ओढतो, आणि तोही तासन्‌तास. म्हणून सगळा हिशेब पंपापासून सुरू करायचा. तो आटोक्यात आला की फिश फाइंडर त्यात कुठेतरी बसून जातो.

हा लेख प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या कयाकसाठी आहे, मग ती वल्ह्याची असो वा पेडलची. कयाक ढकलणारी इलेक्ट्रिक मोटर बसवायची असेल तर तिचे प्रवाह तीस-चाळीस ॲम्पिअरच्या घरातले असतात. तिची बॅटरी वेगळी, तार वेगळी, काळजीही वेगळी. इथे त्यात शिरत नाही.

पायरी १: आधी आमिष कोणतं ते ठरवा

पंप घ्यायचा की नाही, हे आमिषावर ठरतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमध्ये जिताड्याला (गोव्यात चोणक) किंवा तांबोशीला लावायचं नेहमीचं जिवंत आमिष म्हणजे कोळंबी. कोळंबीला वाहतं पाणी लागत नाही. थंडसर पाणी, थोडी सावली आणि हवेचे बारीक बुडबुडे एवढ्यावर ती सकाळभर टिकते. त्यासाठी घरच्या फिशटँकला लावतात तसला, पण बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि त्याच्या नळीच्या टोकाला बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड पुरतो. यूएसबीचा असा पंप साधारण एक-दोन वॉट घेतो. मोबाइलच्या पॉवर बँकेवर तो सहज दिवस काढतो आणि बारा व्होल्टची भानगडच उरत नाही. एक खोड लक्षात ठेवा. काही पॉवर बँका फार कमी प्रवाह ओढला जातोय असं दिसलं की आपोआप बंद पडतात. घरी दोन तास चालवून बघितल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पागाने, म्हणजे फेकजाळ्याने, धरलेली लहान बोय कोळंबीपेक्षा जास्त हालचाल करते, जास्त घाण करते. चार-पाच बोयी असतील तर हवेचा पंप आणि अधूनमधून निम्मं पाणी बदलणं पुरतं. दहा-बारा ठेवायच्या असतील तर पाणी खेळतं हवं.

बांगडा, तारली यांची गोष्ट निराळी. हे मासे थांबत नाहीत. पोहत राहिले तरच कल्ल्यांवरून पाणी जातं. अमेरिकेत सॅन डिएगोजवळच्या ला होया किनाऱ्यावरून कयाक सोडणारे लोक आधी बारीक गळांच्या माळेवर तिथले बांगडे धरतात, कयाकवरच्या गोल टाकीत टाकतात आणि मग येलोटेल नावाच्या ताकदवान माशासाठी ते जिवंतच ओढत फिरतात. कयाकवरच्या पंपवाल्या टाकीचे बरेचसे धडे तिथल्या लोकांनी घालून दिले. तिथे पंप सकाळपासून दुपारपर्यंत अखंड चालतो, कारण तो बंद पडला तर बांगडा थोड्याच वेळात उलटा होतो. आपल्याकडे समुद्रात सुरमईसाठी जिवंत बांगडा वापरायचा असेल तर तीच पद्धत लागू पडते. फक्त आपलं पाणी जास्त गरम आहे, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. वर गरम पाण्यात माशाची स्वतःची गरजही वाढते. मेच्या उन्हात टाकीवर ओलं गोणपाट टाकणं हा म्हणूनच विजेचाही उपाय आहे. पाणी जितकं थंड, तितका पंप कमी चालवावा लागतो.

विजेशिवायचा मार्गही आहे. भोकं पाडलेली बादली दोरीने कयाकला बांधून पाण्यात सोडायची. फुकट आहे, चांगली चालते, पण वल्हवताना ओढ बसते. वाशिष्ठीच्या खाडीसारख्या मगरी असलेल्या पाण्यात मात्र आमिषाची बादली मांडीशेजारी तरंगत ठेवायला मी सांगणार नाही.

पायरी २: प्रवाह मोजा, मग गुणाकार करा

खोक्यावर छापलेला आकडा नुसता मार्गदर्शक असतो. मल्टिमीटरने स्वतः मोजा. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात लावा आणि बॅटरीचं धन टोक व पंपाची धन तार यांच्या मधे मीटर जोडा, म्हणजे सगळा प्रवाह मीटरमधून जाईल. मोजून झाल्याबरोबर लाल वायर पुन्हा व्होल्टच्या भोकात टाका. ती ॲम्पिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला, तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो.

पंप पाण्यात बुडवून, खरी नळी लावून, नळीचं तोंड खऱ्या उंचीवर धरून मोजायचा. कोरडा पंप कमी प्रवाह घेतो आणि आकडा फसवा येतो.

समजा सहा तासांची फेरी आहे. फिश फाइंडर ०.४ ॲम्पिअर घेतो: ०.४ गुणिले ६, म्हणजे २.४ ॲम्पिअर-अवर, बोलीभाषेत एएच. पंप २ ॲम्पिअर घेतो आणि अखंड चालतो: १२ एएच. तोच पंप एक मिनिट चालू, दोन मिनिटं बंद असा चालवला तर ४ एएच. या एका फरकाने बॅटरीचं वजन, किंमत, जागा सगळं बदलतं. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी टायमर घ्या असं मी नवख्यांना सांगतो. १२ व्होल्टवर चालणारं, चालू-बंदची वेळ स्वतंत्र लावता येणारं सायक्लिक टायमर रिले मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. त्याच्या सर्किटला झाकण नसतं, म्हणून ते बॅटरीच्याच बंद डब्यात ठेवायचं. बोय आणि कोळंबीला असा थांबून थांबून चालणारा पंप चालतो. बांगड्याला चालत नाही.

पंपाचा आकारही तपासा. बाजारात ५०० गॅलन प्रति तास असे अमेरिकी आकडे छापलेले पंप येतात. ५०० गॅलन म्हणजे जवळपास १,८९० लिटर. वीस लिटरच्या टाकीला हे फारच झालं. नळीच्या उंचीमुळे आणि वळणांमुळे प्रत्यक्षात बरंच कमी पाणी येतं हे खरं, तरीही लहान टाकीत त्याचा भोवरा होतो आणि आमिष पोहून पोहून दमतं. मिळत असेल तर लहान पंप घ्या. नाहीतर नळीवर तोटी लावून धार कमी करा. या जातीच्या पंपात बाहेरची धार आवळली की प्रवाहही थोडा उतरतो. १२ व्होल्टचा पंप ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची जुनी युक्तीही आहे. धार मंद होते, वीज निम्म्याहून कमी लागते. पण मग फिश फाइंडरला दुसरी बॅटरी लागतेच.

पायरी ३: बॅटरी निवडा

आपल्याकडे कुठल्याही गावात मिळणारी बॅटरी म्हणजे यूपीएसची सीलबंद लेड-ॲसिड, १२ व्होल्ट ७ एएच. वजन दोन-अडीच किलो. तिच्यावर ७ लिहिलेलं असतं ते वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर, म्हणजे ०.३५ ॲम्पिअरने. २ ॲम्पिअरने ओढली की तेवढी वीज मिळत नाही. शिवाय दर वेळी तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते. तिच्यातलं निम्मं, साडेतीन एएच, आपलं समजायचं. एकट्या फिश फाइंडरला सहा तास ते पुरतं. अखंड पंपाला दोन तासही नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानातल्या भाषेत एलएफपी, महाग पडते पण कयाकवर तिचं सोनं होतं. ७ एएचची बॅटरी किलोभर वजनाची असते आणि तिच्यातलं ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतं. व्होल्टेजही शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकून राहतं. वरचा हिशेब लावा. फिश फाइंडर आणि टायमरवरचा पंप मिळून ६.४ एएच, म्हणजे ८ एएचची बॅटरी अगदी काठावर आणि १० किंवा १२ ची निवांत. फिश फाइंडर आणि अखंड पंप मिळून १४.४ एएच, म्हणजे २० एएचची. तेवढीच वापरता येणारी वीज लेड-ॲसिडमधून हवी असेल तर तीसेक एएचची बॅटरी लागेल. २६ एएचचीच आठ किलोंच्या आसपास भरते, आणि ती चिखलातून उचलून नेणारे तुम्हीच असता.

एलएफपी घेताना चार गोष्टी बघा. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीला जास्त भरण्यापासून आणि जास्त उपसण्यापासून वाचवणारं सर्किट, आहे ना? चार्जर १४.६ व्होल्टचा, याच जातीच्या बॅटरीचा आहे ना? नाव नसलेल्या निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पॅक आहे का? असेल तर सोडून द्या. चौथी गोष्ट व्होल्टेज. ड्रोनसारख्या दुसऱ्या कामांसाठी बनवलेले काही लिथियम-आयन पॅक पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट देतात. फिश फाइंडरच्या पुस्तिकेत किमान आणि कमाल व्होल्ट दिलेले असतात. ते वाचून मगच जोडा. पंपाला तर असा पॅक नकोच, तो जास्त वेगाने फिरून तापतो.

अमेरिकेतून किंवा दुबईतून येणाऱ्या भावाला ‘येताना बॅटरी आण’ असं सांगणाऱ्यांसाठी: विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर प्रवाशाला नेताच येत नाही. चेक-इन बॅगेत सुटी बॅटरी कधीच नाही. १२.८ व्होल्ट गुणिले ७ एएच म्हणजे सुमारे ९० वॉट-अवर, बसते. २० एएचची २५६ होते, ती इथेच घ्या.

एक बॅटरी की दोन? जमत असेल तर दोन. पंपाला एक, फिश फाइंडरला एक. पंपाने आपली बॅटरी संपवली तरी परतीच्या वाटेवर खडक दाखवणारा पडदा चालू राहतो. कारणं आणखीही आहेत, ती पुढे येतील.

पायरी ४: डबा, फ्यूज, तार

कयाकच्या पोटात पाणी येतंच. झाकण कितीही घट्ट असो, तळाशी पेलाभर पाणी खेळतं. त्यामुळे बॅटरी पोटात मोकळी ठेवायची नाही. रबरी गॅस्केटचा, खटक्यांनी बंद होणारा डबा घ्या. तार बाहेर काढायला भोक पाडून त्यात सिलिकॉन भरण्यापेक्षा केबल ग्लँड बसवा. ती आवळली की रबर तारेला चहूबाजूंनी धरतं. ग्लँड गोल तारेलाच नीट धरते, चपट्या जोडतारेला नाही. आत बॅटरी हलू नये म्हणून फोमचे तुकडे ठोसा. डबा सीटच्या मागे, मध्यरेषेवर, जितका खाली ठेवता येईल तितका खाली, आणि पट्ट्याने बांधलेला. कयाक उलटली तर डबा जागेवर राहिला पाहिजे. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करताना हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून चार्जिंगच्या वेळी झाकण उघडं.

आता फ्यूज. ‘बारा व्होल्टच तर आहे’ म्हणून इथेच लोक हयगय करतात. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झाली तर छोटी बॅटरीही तार लाल करते, आणि तुम्ही बसला आहात ते प्लॅस्टिकवर. फ्यूज धन तारेवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत. उपकरणाशेजारी लावलेला फ्यूज मधल्या दोन-तीन मीटर तारेला वाचवत नाही. पंपाला आणि फिश फाइंडरला स्वतंत्र फ्यूज, किती ॲम्पिअरचा ते त्यांच्या पुस्तिकेतून. लहान पंपाला बहुधा अडीच ते पाच आणि लहान फिश फाइंडरला दोन-तीन ॲम्पिअरचा येतो. गाडीचे ब्लेड फ्यूज आणि त्यांचे रबरी टोपीचे होल्डर कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतात. दोन-दोन जादा फ्यूज डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त ॲम्पिअरचा घालू नका. कुठेतरी पाणी शिरलंय किंवा पंपाच्या पंख्यात दोरा अडकलाय.

तार टिन्ड कॉपर, म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. साध्या तांब्याच्या तारेत खारं पाणी केशिकेसारखं आत चढतं आणि आवरणाखाली वीतभर आतपर्यंत ती काळी पडते. जाडी किती? पंप बॅटरीपासून तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तार झाली. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत २ ॲम्पिअरला सुमारे ०.१५ व्होल्ट पडतात, काही बिघडत नाही. ०.५ च्या स्पीकरच्या तारेत तेच साडेचार दशांश व्होल्टच्या घरात जातं आणि पंप मलूल चालतो. पंपाला १.५, फिश फाइंडरला त्याच्यासोबत आलेली तार, हा साधा नियम.

जोड कमीत कमी ठेवा. जिथे द्यावाच लागेल तिथे पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळायची नाही. एका पावसाळी हवेत ती चिकट होऊन सुटते. लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, गरम केल्यावर कडेने गोंद बाहेर येताना दिसला पाहिजे. डब्याबाहेर काढता-घालता येणारा जोड हवाच, त्यासाठी एकाच बाजूने बसणारा कनेक्टर वापरा, म्हणजे धन-ऋण उलटं होणार नाही. उलट जोडला तर पंप उलटा फिरून मरतुकडी धार देतो, फिश फाइंडर मात्र जळू शकतो. बॅटरीच्या बाजूला झाकलेल्या पिनांचा अर्धा भाग यायला हवा, कारण दुसरा अर्धा सुटला तरी वीज याच बाजूला असते. खाऱ्या पाण्यात वीज असलेली उघडी पिन पडली तर धन बाजूचं तांबं बघता बघता विरघळतं. हिरवा चुरा दिसतो तो त्याचाच. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट लावा. रबरी टोपीचा स्विच पंपाला ठेवा, फिश फाइंडरला त्याचं स्वतःचं बटण आहे.

पायरी ५: फिश फाइंडर

विजेच्या दृष्टीने हे सोपं काम. लाल तार धन, काळी ऋण, मधे फ्यूज. केबलमध्ये आणखी रंगांच्या तारा असतील तर त्या दुसऱ्या यंत्रांशी बोलण्यासाठी असतात. त्यांची टोकं वेगवेगळी झाकून बाजूला बांधा. पडद्याचा उजेड वाढवला की प्रवाह वाढतो, पण उन्हात तो वाढवावाच लागतो. हिशेब पूर्ण उजेडावरच करा.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून परत आलेल्या टिपणारा भाग, कुठे बसवायचा यावर नवखे फार वेळ घालवतात. प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये तळाला भोक न पाडता तो आतूनच चिकटवता येतो, कारण भरीव पॉलिथिलीनमधून ध्वनिलहरी पार जातात. अट एकच, मधे हवेचा बुडबुडा नको. आतला भाग घासून पुसून, भरपूर सीलंट लावून, ट्रान्सड्यूसर गोल फिरवत दाबायचा. खाडीतली खोली थोडी असते, त्यामुळे प्लॅस्टिकमध्ये वाया जाणारी ताकद जाणवत नाही. पाण्याचं तापमान मात्र खरं दिसत नाही, कयाकच्या तळाचं दिसतं. बाजूचं दाखवणारा साइड स्कॅन हवा असेल तर ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा, दुसरा इलाज नाही. बऱ्याच मासेमारीच्या कयाकमध्ये त्यासाठी स्कपरच्या, म्हणजे तळातल्या आरपार भोकाच्या, जागी खाच दिलेली असते. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर कयाक घासते तिथे बाहेर लोंबणारा ट्रान्सड्यूसर पहिला जातो.

पायरी ६: टाकी आणि पंप

टाकी सीटच्या मागच्या खोलगट जागेत. पाण्याचं वजन विसरू नका: वीस लिटर म्हणजे वीस किलोंपेक्षा थोडं जास्त, आणि तेही उंचावर. काठावर कयाक उचलताना टाकी रिकामी, पाण्यात गेल्यावर भरायची, किनाऱ्याला लागण्याआधी पुन्हा रिकामी. लाटांतून उतरताना भरलेली टाकी असली तर कयाक हमखास आडवी होते. अर्धवट भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट, कारण आतलं पाणी एका बाजूला धावतं. टाकी गोल किंवा गोल कोपऱ्यांची असावी. चौकोनी बादलीच्या कोपऱ्यात मासे नाकं घासून घेतात.

पाणी वर चढवणारा पंप आणि जास्तीचं पाणी बाहेर सोडणारं भोक या जोडीत भोक मोठं हवं. आत येणारी नळी पाऊण इंची असेल तर बाहेरची सव्वा ते दीड इंची ठेवा, कारण आतलं पाणी दाबाने येतं आणि बाहेरचं नुसतं उतरतं. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर कोळंबी त्यातूनच खाडीत परत जाते. आत येणाऱ्या पाण्याची धार टाकीच्या भिंतीला स्पर्श करत तिरकी सोडली की पाणी हलकं गोल फिरतं.

पंप कुठे? बिल्ज पंप स्वतः पाणी ओढून घेऊ शकत नाही. तो पाण्याच्या पातळीखाली असला तरच चालतो, म्हणून स्कपरच्या भोकातून खाली उतरवतात. सुरुवातीला त्याहून सोपा मार्ग: पंप एका दांडीला बांधून बाजूने पाण्यात सोडा, टाकी भरली की दांडी वर घ्या. टायमरची गरज नाही, भोकं पाडायची नाहीत, आणि उथळात पंप वाचतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन मिनिटं पाणी बदललं की बोयींना पुरतं. मधल्या वेळात यूएसबीचा हवेचा पंप चालू ठेवा.

पंपाचा आवाज येतोय पण पाणी येत नाही, ही तक्रार प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. आत हवा अडकलेली असते. लाटेवर कयाक उचलली गेली, पंपाने क्षणभर हवा गिळली, आणि पंखा हवेतच फिरत राहिला. पंप बंद करा, टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली येऊ द्या, मग चालू करा. वारंवार होत असेल तर नळी बघा. पंपापासून टाकीपर्यंत ती सतत चढत गेली पाहिजे. मधे उंचवटा होऊन पुन्हा खाली आली तर त्या कमानीत हवा बसते. तोंडावरची जाळीही बघा. उधाणाच्या दिवसांत खाडीत पालापाचोळा आणि प्लॅस्टिक वाहत असतं, एक पिशवी पंप गुदमरवायला पुरते.

पायरी ७: पडद्यावरच्या रेघा

सगळं जोडून झालं, पंप चालू केला, आणि फिश फाइंडरच्या पडद्यावर ठिपक्यांच्या उभ्या रेघा आल्या. मासे नाहीत ते. पंपाच्या मोटरीत ब्रश घासतात आणि त्या ठिणग्यांचा विजेतला गोंधळ तारांतून पडद्यापर्यंत पोहोचतो. खात्री करायला पंप बंद करा; रेघा गेल्या तर तोच चोर. दोन बॅटऱ्या असतील तर बहुतेक वेळा हा त्रास होतच नाही. एकच असेल तर दोन्हींच्या तारा थेट बॅटरीच्या टोकापासून वेगळ्या काढा, पंपाच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्या, आणि ट्रान्सड्यूसरची केबल त्यांच्याशेजारून न नेता कयाकच्या दुसऱ्या बाजूने फिरवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. फिश फाइंडरच्या तारेवर फेराइटचा खटका, म्हणजे तारेभोवती बसणारं आणि हा गोंधळ अडवणारं कडं, बसवूनही फरक पडतो. मोटरीचा वेग कमी करणारे स्वस्त पीडब्ल्यूएम नियंत्रक वीज वाचवतात, पण हाच गोंधळ वाढवतात. एक बॅटरी वापरणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये.

पंप चालू होतानाच फिश फाइंडर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर रोग वेगळा आहे. बहुतेक यंत्रांवर आत येणारे व्होल्ट पडद्यावर दाखवायची सोय असते. पंप चालू करताना तो आकडा बघा. एकदम खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे, तार बारीक आहे किंवा एखादा लग सैल आहे.

पायरी ८: अंगणातली चाचणी

पहिली चाचणी पाण्याच्या पिंपाशेजारी. टाकी भरा, पंप पूर्ण फेरीच्या वेळाइतका चालू ठेवा, फिश फाइंडर पूर्ण उजेडावर. तासातासाने व्होल्ट लिहून ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी थोडा वेळ मोकळी ठेवल्यावर १२.२ च्या खाली दिसली तर निम्मी संपली. एलएफपीचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, त्यावरून काही कळत नाही. तिथे तासच मोजायचे. तासाभराने डब्यात हात घालून फ्यूज, लग, स्विच बोटाने चाचपा. काही गरम लागलं तर तिथला जोड वाईट आहे.

नंतर बॅटरी काढून ठेवा, डब्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवून तो बंद करा आणि पिंपात दाबून धरा. कागद ओला निघाला तर ग्लँड पुन्हा आवळा. पाण्यात पहिल्यांदा जाताना आमिष न घेता, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या, दिवशी, खाडीच्या शांत भागात जा. लाइफ जॅकेट, शिट्टी आणि मोबाइलची पिशवी यांचा विजेशी संबंध नाही, तरीही सोबत हवीच.

परत आल्यावर

कनेक्टर आधी सोडवा, मग गोड्या पाण्याने सगळं धुवा. पंप बादलीभर गोड्या पाण्यात दोन मिनिटं चालवा, नाहीतर पंख्यामागे मीठ साचून तो पुढच्या वेळी अडतो. टाकीत साबण घालू नका. घासून, धुऊन, उन्हात वाळवली की पुरे. लेड-ॲसिड बॅटरी त्याच संध्याकाळी पूर्ण चार्ज करा, अर्धी रिकामी ठेवली तर आतल्या पत्र्यांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. एलएफपीला ती घाई नाही.

पावसाळ्यात कयाक माळ्यावर जाते, तेव्हा एलएफपी निम्मी भरून, तारा सोडवून, कोरड्या जागी ठेवा. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चार्जरला लावा. डब्याचं झाकण अर्धवट उघडं राहू द्या, गॅस्केट दबून राहत नाही आणि आत बुरशीही धरत नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सगळं बाहेर काढाल तेव्हा आधी प्रत्येक फ्यूज होल्डर उघडून बघा. पात्यांवर हिरवट थर दिसला तर नुसता फ्यूज बदलू नका, होल्डरही नवा बसवा.